‘चोर बीटी’तला चोर कोण?

पाचसहा वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातली गोष्ट. कोर्टातून घरी आलो तर घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावाहून आलेला चुलतभाऊ, आमचा दादा, ओसरीवर बसलेला. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग त्याने पिशवीतून एक रिकामे पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले. वर टपोऱ्या बोंडांचे चित्र, खाली इंग्रजीत एक भारदस्त नाव. उलटून पाहिले. कंपनीचा पत्ता नाही, लॉट नंबर नाही, उगवणशक्तीचा आकडा नाही, तारीख नाही.

“पाच एकरात डोबलं. अर्ध्याच्या वर निघालंच नाई,” दादा म्हणाला. “बाजूच्या वावरातली पऱ्हाटी पाय कशी उभी हाये. तू वकील हायेस ना बाप्पा, कर काही.”

मी सवयीने विचारले, “बिल आणलंस?”

“याचं बिल भेटते का रे?”

दहा पाकिटे, प्रत्येकी हजाराच्या वर. त्यात दुबार पेरणीचे बियाणे, मजुरी, आणि हातचा गेलेला महिना. मी तेव्हा वीस वर्षे वकिली केलेला माणूस. सख्ख्या घरातल्या माणसाला सांगावे लागले की तुझी केस उभीच राहत नाही. कारण कायद्याच्या लेखी तू हे बियाणे विकत घेतलेलेच नाहीस. आणि घेतले हे सिद्ध केलेस, तर आधी तुलाच प्रश्न विचारले जातील.

त्या पाकिटाला आमच्याकडे ‘चोर बीटी’ म्हणतात. सरकारी कागदात ‘एचटीबीटी’, म्हणजे तणनाशक सहन करणारा बीटी कापूस. दादा गेल्यावर मी त्या ‘चोर’ शब्दापाशी अडकलो. चोरी झाली हे खरे, पण कोणाची? कंपनीची, सरकारची की दादाची? त्या प्रश्नामागे लागून मी बियाण्याचे कायदे आणि निकाल वाचत गेलो. या लेखात मांडतो ते त्यातून हाती आलेले. त्यात माहिती आहे तशी मतेही आहेत, आणि ती माझी आहेत.

सरकीला दोन कुलपे

माझी आजी घरचे बियाणे ठेवायची. पहिल्या-दुसऱ्या वेच्यातला चांगला कापूस बाजूला काढून सरकी वेगळी करायची. पेरणीआधी ती शेणमातीत घोळून वाळवायची. त्याने सरकीवरचे तंतू बसतात आणि दाणे सुटे होतात. शेजारीण मागायला आली तर सूपभर द्यायची. मालकी हा शब्द त्या व्यवहारात कुठेच नव्हता.

आजचे पाकीट वेगळे आहे. त्यातल्या सरकीला दोन कुलपे आहेत. एक निसर्गाच्या नियमाने लागलेले आणि दुसरे कायद्याने.

पहिले कुलूप संकराचे. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा कापसाचा संकरित वाण काढला. व्यापारी लागवडीसाठी आलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. दोन वेगळ्या आईबापांच्या संकरातून आलेली पहिली पिढी जोमदार असते. पण तिची सरकी पुढच्या वर्षी पेरली की पीक फुटते: कोणते झाड उंच, कोणते खुजे, बोंडे लहानमोठी. म्हणजे बियाणे घरी ठेवायला कोणाची मनाई नाही, ठेवून उपयोग नाही इतकेच. संगणकाच्या दुनियेत नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या नाना कुलपे लावतात. संकरित बियाण्यात ते कुलूप बीजातच असते. त्याची किल्ली म्हणजे आईबाप वाण, आणि ते कंपनीच्या ताब्यात गुपित म्हणून राहतात.

दुसरे कुलूप जनुकाचे. जमिनीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू सापडतो. त्याच्या एका जनुकामुळे तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात जाऊन तिला मारते. अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीने ते जनुक कापसात बसवले. जालन्याच्या महिकोबरोबर तिने १९९८ मध्ये भागीदारीची कंपनी काढली आणि २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. महिको ही बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये उभी केलेली आपल्या मराठवाड्यातली कंपनी, हे अनेकांच्या लक्षात नसते. २००६ मध्ये दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ आले आणि काही वर्षांत विदर्भात बिगर-बीटी कापूस शोधावा लागू लागला.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन या देशांत बीटी जनुक प्रामुख्याने सरळ वाणांत आले. भारतात ते जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांत आले. अमेरिकेत सरळ वाणाची नक्कल करणे सोपे, म्हणून तिथे कंपनीला पेटंटचा आणि कराराचा धाक लागला. आपल्याकडे धाकाची गरजच पडली नाही. कायद्याने कास्तकाराला काय दिले, काय नाही, ते पुढे पाहूच. पण पहिले कुलूप कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, हे आधी ध्यानात ठेवलेले बरे.

तीन दारे

बियाण्याबद्दलच्या आपल्या चर्चांत तीन वेगवेगळे कायदे एकत्र कालवले जातात आणि मग कोणालाच काही उमगत नाही. माझ्या मनाशी मी त्यांची तीन दारे केली आहेत.

पहिले दार मालकीचे. हे तंत्र किंवा हा वाण कोणाचा? याचे उत्तर पेटंट कायदा, १९७० आणि पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ देतात.

दुसरे दार परवानगीचे. जनुकबदल केलेले बियाणे मातीत सोडणे सुरक्षित आहे का? याचा अधिकार पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ आणि त्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार नेमलेल्या केंद्रीय समितीकडे.

तिसरे दार दर्जाचे. पाकिटावर लिहिले ते आत आहे का, उगवेल का? हे बियाणे कायदा, १९६६, बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ आणि ग्राहक संरक्षण कायदा यांचे क्षेत्र.

दादाचे पाकीट दुसऱ्या दारातून आलेच नव्हते, म्हणून तिसरे दार त्याच्या तोंडावर बंद झाले. पहिल्या दाराशी त्याचा फारसा संबंधही नव्हता. तरी ‘चोर’ हा शब्द मात्र पहिल्या दारावरचा, मालकीचा. ही गल्लत निरुपद्रवी नाही.

पेटंटची लढाई

पेटंट म्हणजे समाजाने संशोधकाशी केलेला सौदा. तू तुझे तंत्र जगासमोर उघड कर; बदल्यात वीस वर्षे इतरांना ते वापरायला तुझी परवानगी लागेल; त्यानंतर ते सर्वांचे. सौदा म्हणून मला तो वाजवी वाटतो. प्रश्न एवढाच की जी वस्तू आपोआप स्वतःच्या प्रती काढते, तिला तो लागू करावा का?

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेच्या कराराने झाडे व प्राणी पेटंटबाहेर ठेवण्याची मुभा देशांना दिली. अट ही की वनस्पतींच्या वाणांना दुसरे काही संरक्षण द्यावे. भारताने ती मुभा घेतली. २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात कलम ३(जे) आले. त्यानुसार सूक्ष्मजीव वगळता झाडे आणि प्राणी, पूर्ण किंवा अंशतः, तसेच बिया, वाण आणि प्रजाती हे ‘शोध’ मानले जात नाहीत.

तरीही बोलगार्ड-२ शी निगडित तंत्राचे पेटंट, क्रमांक २१४४३६, मोन्सँटोला २००८ मध्ये मिळाले. दावा झाडावर नव्हता, जनुकाच्या रचनेवर आणि ती वनस्पतीत बसवण्याच्या पद्धतीवर होता. पहिल्या बोलगार्डच्या जनुकाचे तर भारतात पेटंटच नव्हते. तरी सुरुवातीला पाकीट सोळाशे रुपयांच्या वर विकले जाई आणि त्यात मोठा वाटा तंत्रशुल्काचा असे. आंध्र प्रदेश सरकार २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा किंमत साडेसातशेपर्यंत उतरली. ज्याचे पेटंट नाही त्याचे शुल्क इतकी वर्षे कसे घेतले गेले? उत्तर साधे: परवानगी एकाच कंपनीकडे होती. दुसऱ्या दाराची एकुलती किल्ली हाती असली की पहिल्या दाराचा कागद लागत नाही.

पुढे २०१५ मध्ये तंत्रशुल्कावरून नुझिवीडू सीड्स आणि मोन्सँटो यांच्यात वाजले. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणले. मार्च २०१६ मध्ये बोलगार्ड-२ च्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरली आणि त्यात तंत्रशुल्क फक्त ४९ रुपये. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ११ एप्रिल २०१८ रोजी खंडपीठाने सांगितले की बियाण्यात गेलेल्या जनुकावर कलम ३(जे)मुळे पेटंट टिकत नाही. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला. कारण असे की इतका गुंतागुंतीचा तांत्रिक प्रश्न साक्षीपुराव्याशिवाय निकाली काढता येत नाही. खटला रीतसर चालवा. खटला परत गेला, त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली आणि मार्च २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

म्हणजे देशातल्या लक्षावधी हेक्टरवर पेरल्या जाणाऱ्या सरकीतल्या जनुकावर पेटंट चालते की नाही, हा प्रश्न न्यायालयात सुटलाच नाही. २०२० मध्ये तंत्रशुल्क शून्य झाले. पण कास्तकाराच्या हाती काय आले? जनुक मोकळे झाले तरी ते राहते संकरित वाणातच, आणि संकराचे कुलूप वीस वर्षांनी उघडत नाही. पेटंटला मुदत असते, गुपिताला नसते. आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेसारखेच हे. गाडी आमच्या गावांमधून धावायची, आमचाच कापूस न्यायची, चालवायचे सरकार. रूळ मात्र खासगी कंपनीच्या मालकीचे.

इंडियाना आणि गुजरात

कायदा वेगळा असता तर काय झाले असते, हे पाहायला अमेरिकेत जावे लागते. इंडियानातल्या व्हर्नन बोमन नावाच्या शेतकऱ्याने धान्याच्या गोदामातून खायचे म्हणून विकले जाणारे सोयाबीन आणून पेरले, त्यातले तणनाशक सहन करणारे वेचून पुढे बियाणे म्हणून वापरले. मोन्सँटोने खटला भरला. १३ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: पेरणे म्हणजे पेटंट असलेल्या वस्तूची नवी प्रत काढणे. बोमन यांच्यावर चौऱ्याऐंशी हजार डॉलरहून अधिक भरपाई बसली. सोयाबीन आपोआप वाढते, माझा काय दोष, हा त्यांचा युक्तिवाद टिकला नाही.

आपला २००१ चा कायदा याच्या नेमका उलट बोलतो. कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचेही बियाणे ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो. एकच बंधन: त्या वाणाचे नाव लावलेल्या पाकिटात घालून ते विकता येत नाही. माझ्या आजीचा सूपभर सरकीचा व्यवहार या एका कलमात कायदा झाला आहे. जगात फार थोड्या देशांनी असे लिहून ठेवले आहे, याचा मला अभिमान आहे.

पण कलम असणे आणि ते हाताशी येणे यात अंतर असते. २०१९ मध्ये पेप्सिकोने आपल्या ‘एफसी-५’ या वेफर्सच्या बटाट्यासाठी गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे लावले. काहींकडे प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपये मागितले. देशभर ओरड झाली, मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती रद्दबातल करणारी कारवाई मोडीत काढली. शेतकऱ्यांचा पेरण्याचा हक्क या सगळ्यात शाबूत राहिला, हे खरे. पण एक कोटीची नोटीस घरी आलेला माणूस कलम ३९ वाचत बसत नाही. तो आधी घाबरतो.

२०१७ चा खरीप

यवतमाळचे नाव त्या वर्षी जगभर गेले. बोंडअळीला आवरण्यासाठी बीटी आणले होते. गुलाबी बोंडअळी त्या दोन्ही जनुकांना पुरून उरली. गुजरातमध्ये ती आधीच दिसली होती. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात फूल, पाती, बोंड सगळे तिने पोखरले. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक कास्तकार आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात होते.

अळी प्रतिकारक्षम का झाली, याचे एक कारण पाकिटातच होते. बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी सरकीची छोटी पुडी मिळायची. ती कडेने लावायची, म्हणजे काही अळ्या विष न खाता जगतात, प्रतिकारक्षम अळ्यांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. ही पुडी आमच्याकडे बहुतेकांनी फेकून दिली. मीही फेकलेली पाहिली आहे. दोष कास्तकाराचा, असे म्हणणे सोपे. पण दुकानदाराने ती ‘फुकटची पुडी’ म्हणून दिली, माहितीपत्रक कोणी वाचून दाखवले नाही, आणि पाच ओळी अळीला खाऊ घालण्याची कल्पना कोणी पटवून दिली नाही. संगणकाच्या सुरक्षेत जसे एकाने दार उघडे टाकले की सगळे जाळे धोक्यात येते, तसेच हे. सुरक्षा एकेकट्याच्या वावरात होत नाही. ती शिवारभर करावी लागते.

डिसेंबर २०१७ च्या नागपूर अधिवेशनात सरकारने कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर केले. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा, १६,००० रुपये, बियाणे कंपन्यांकडून यायचा होता. आमच्या गावात त्या १६,००० ची वाट अजून पाहिली जाते.

या ठिकाणी २००१ च्या कायद्यातले एक विस्मरणात गेलेले कलम आठवते. कलम ३९(२) म्हणते की नोंदणीकृत वाण विकणाऱ्याने तो दिलेल्या परिस्थितीत काय उत्पन्न देईल हे शेतकऱ्याला सांगितले पाहिजे. तसे न निघाल्यास शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. मालकी हवी असेल तर जबाबदारीही घ्या, इतका सरळ अर्थ. माझ्या वकिलीत या कलमाखाली अर्ज करायला आलेला एकही कास्तकार मला भेटला नाही. आणि खरे सांगायचे तर, दादाने विचारेपर्यंत मीही ते नीट वाचले नव्हते.

परवानगीची वाट आणि आडवाट

आता दादाच्या पाकिटाकडे वळू. ग्लायफोसेट हे तणनाशक मारले की तण जळते आणि पऱ्हाटीही. एचटीबीटीत आणखी एक जनुक असल्याने पऱ्हाटी वाचते. महिकोने असे बियाणे परवानगीसाठी मांडले होते, पण २०१६ मध्ये अर्ज मागे घेतला. त्यात तंत्रज्ञानाच्या मालकीबद्दलची नाराजी हेही कारण होते. अर्ज मागे गेला, बियाणे नाही. २०१७ च्या सुमारास ते आंध्र, तेलंगण, गुजरात आणि महाराष्ट्रात वावरावावरात सापडू लागले.

कास्तकार ते का घेतो? पावसाची झड लागली की डवरणी होत नाही, तण कमरेला लागते, आणि निंदणाला बाया एकाच वेळी सगळ्यांना हव्या असतात. “दोन दिवसांत फवारा मारून मोकळा,” असे दादा म्हणायचा. हे खोटे नाही. पण त्या निंदणावरच गावातल्या कितीतरी घरांची चूल पेटते, हेही खोटे नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी म्हणायच्या, “तण मेलं की आमचा हप्ता मेला.” कायदा या दोघांपैकी कोणाचेच ऐकायला बसलेला नाही.

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर या गावी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी उघडपणे एचटीबीटी पेरले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य ही शरद जोशींपासूनची त्यांची मागणी. त्या वेळच्या कायद्यात विनापरवाना जनुकबदल बियाण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. पुढे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैदेच्या जागी पंधरा लाखांपर्यंतचा दंड आणला.

त्या सविनय कायदेभंगाबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. परवानगीचे दार उखडून टाका, हे उत्तर नव्हे. २०१७ ने दाखवले की चाचणी, लेबल आणि शिस्त यांशिवाय तंत्रज्ञान काय करते. पण दार वर्षानुवर्षे ना उघडायचे ना बंद करायचे, हेही उत्तर नव्हे. बीटी वांगे फेब्रुवारी २०१० पासून स्थगितीत. जनुकबदल मोहरीवर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. निर्णय न घेणे हाही एक निर्णय असतो, आणि त्याचा फायदा बिल न देणाऱ्याला होतो. ‘नाही’ म्हणायचे असेल तर कारणांसह म्हणा आणि बाजार खरोखर थांबवा. ‘हो’ म्हणायचे असेल तर लेबल, बिल आणि भरपाईसह म्हणा.

उघडा कास्तकार, बंद पाकीट

लेखाच्या शेवटी ज्याकडे येतो, तो विषय बियाण्याच्या चर्चेत सहसा नसतो: माहितीचा.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी, आमच्या जिल्ह्यात फवारणीचा हंगाम चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतरच्या वर्षांत कास्तकाराचे काय काय नोंदले गेले, ते मोजू. २०१८ पासून अनुदानाच्या खताची थैली घेताना दुकानातल्या यंत्रावर आधार आणि अंगठा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत मोबाइलवरून वावराचे छायाचित्र, स्थळाच्या नोंदीसह. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा आणि आधार एकत्र जोडलेला. सातबारा तर कोणीही घरबसल्या पाहू शकतो.

यातल्या प्रत्येक नोंदीचा उपयोग आहे; बोगस लाभार्थी गळतात, पीकविम्याला पुरावा मिळतो. मी याच्या विरोधात नाही. पण दोन बाजू शेजारी ठेवून पाहा. कास्तकाराची जमीन, पीक, खत, कर्ज, बोटाचा ठसा सगळे नोंदलेले. पाकिटातल्या संकराचे आईबाप कोण? गुपित. गेल्या हंगामात या वाणाच्या किती तक्रारी आल्या? दुकानात लावलेले नाही. एकाकडून पारदर्शकता सक्तीची आणि दुसऱ्याला गुपिताचा हक्क, हा व्यवहार सारखा नव्हे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती कशासाठी घेतली हे सांगायला लावतो आणि संमती मागतो. अंगठा टेकवताना तसे कोणी सांगितल्याचे गावात एकालाही आठवत नाही.

बियाण्याच्या पाकिटांवर आता क्यूआर कोड येत आहेत, बियाणे कुठून कुठे गेले ते कळावे म्हणून. चांगली गोष्ट आहे. माझी अट एकच. त्या कोडमधून वाणाच्या चाचण्या, तक्रारी आणि भरपाईचा इतिहास कास्तकाराला दिसावा. कास्तकाराची खरेदी कंपनीला दिसावी एवढ्यासाठीच तो नसावा.

मग चोर कोण?

मालकीच्या अर्थाने दादाच्या पाकिटात चोरी फारशी नव्हतीच. परवानगीचा भंग होता, आणि फसवणूक होती. ज्याने ते बनवले आणि बिलाविना विकले, त्याने दादाचा हंगाम चोरला, आणि त्याबरोबर तक्रार करण्याचा हक्कही. ‘चोर बीटी’ म्हणताना आपण नेमके हे विसरतो. चोरीचा शिक्का बियाण्यावर आणि ते पेरणाऱ्यावर बसतो.

उपाय मोठे नाहीत. पहिले कुलूप उघडायचे असेल तर सरळ वाणांत सार्वजनिक पैसा ओतावा लागेल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने बीटी सरळ वाण काढले आहेत. दुकानाच्या फळीवर मी ते क्वचितच पाहिले. २००९ मध्ये बिकानेरी नरमा बीटी हा सार्वजनिक सरळ वाण आला. त्यात मोन्सँटोच्या कापसातलीच जनुकरचना आढळली आणि तो मागे घ्यावा लागला. त्या नामुष्कीनंतर खरे तर दुप्पट जोमाने काम व्हायला हवे होते.

आणि तिसऱ्या दाराबद्दल, जे आज, आत्ता उघडे आहे. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले की बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. त्यासाठी तीन वस्तू जपा: बिल, लॉट नंबर दिसेल असे रिकामे पाकीट, आणि मूठभर उरलेली सरकी. न उगवल्यास वाट न पाहता तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडून पंचनामा करून घ्या. आजी सरकी ठेवायची पुढच्या पेरणीसाठी. आता ती पुराव्यासाठी ठेवायची आहे.

दादा हल्ली बिल घेतो. यंदा जूनमध्ये त्याने त्याचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिले, ‘आता त पक्कं ना?’ बिलावर वाण होता, लॉट नंबर होता, दादाचे नाव, गाव आणि मोबाइल नंबर होता. तळाशी बारीक अक्षरात छापले होते: बियाण्याच्या उगवणीस दुकानदार जबाबदार नाही.

मी त्याला फोन करून सांगितले की त्या ओळीने कायदा बदलत नाही, काळजी करू नकोस. तो म्हणाला, “मंग छापते काहून?”